देवबागचा होमस्टे: खोली तीच, काकूंच्या हातची चव तीच, स्टार मात्र महिना बघून

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला कधी जावं हे ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे मलाच विचारतात, कारण आमचं तिकडे जाणं-येणं असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. रिव्ह्यू म्हणाल तर हा एका होमस्टेचा आहे. देवबागात, रस्ता संपायच्या थोडा आधी, माडाच्या बागेत चार-पाच खोल्या, पुढे समुद्र आणि मागे चालत गेलं की कर्ली नदी. नाव टाकत नाहीये, एकतर घर चालवणाऱ्या काका-काकूंना सारखा फोन उचलायचा कंटाळा, आणि दुसरं म्हणजे मी जे लिहिणारे ते त्या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक घराला लागू पडतं. आम्ही तिथे वेगवेगळ्या महिन्यांत राहिलोय आणि माझं मत असं झालंय की बीचवरच्या जागेला स्टार देताना महिना लिहिला नसेल तर त्या स्टारला काही अर्थ नाही. नेटवर एकाच घराला कोणी पाच देतं कोणी दोन, आणि तारखा बघितल्या की लगेच कळतं, पाचवाला डिसेंबरच्या सुरुवातीला गेलेला असतो आणि दोनवाला एकतीस डिसेंबरला नाहीतर जूनमध्ये.

आधी घराचं बोलू म्हणजे ते संपेल. खोल्या साध्या, स्वच्छ, चादरी धुतलेल्या, बाथरूममध्ये गरम पाणी येतं पण गीझर छोटा आहे त्यामुळे चौथ्या माणसाने थंड पाण्याची तयारी ठेवावी. गाद्या कडक आहेत, माझ्या नवऱ्याला आवडतात, मला नाही. संध्याकाळी सहा ते साडेसात डास, कॉइल ते देतात पण ओडोमॉस आपलं आपण न्यावं. नेट कधी येतं कधी जातं, वर्क फ्रॉम होम करायच्या भानगडीत पडू नका. एसी खोलीचे दोन हजाराच्या आसपास घेतात, जेवण वेगळं. जेवणावर वेगळा निबंध होईल, पण थोडक्यात सांगायचं तर सकाळी घावणे नाहीतर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, दुपारी माशाची थाळी, रात्री सांगितलं तर कोंबडी-वडे. बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ती चावू नयेत, जीभ बधिर होते. सोलकढी मागाल तेवढी, ती मोजत नाहीत.

आता महिने.

पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी. सगळे तेव्हाच जातात आणि मला हे कळत नाही की का, म्हणजे शाळांना सुट्टी असते हे मान्य, पण ज्यांची मुलं कॉलेजात गेली तेही तेव्हाच जातात. हवा अप्रतिम असते यात वादच नाही, सकाळी हलकी शाल, दुपारी ऊन पण चावरं नाही. पण त्या आठवड्यात मालवण बाजारपेठेतून गाडी काढून दाखवा. ती गल्ली बैलगाड्यांच्या काळातली आहे, त्यात पुण्या-मुंबईच्या एसयूव्ही समोरासमोर आल्या की दोघांपैकी एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो आणि दोघंही घेत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जेटीवर बोटीसाठी ऊन डोक्यावर घेत लाईन. किल्ला १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा विहिरी आहेत, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, हे सगळं निवांत बघायला हवं, पण बोटवाला ठराविक वेळात परत यायला सांगतो आणि त्या गर्दीत ती वेळ शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत पोचण्यातच जाते.

स्कूबाचं तर विचारू नका. त्याच आठवड्यात आम्ही एका ऑपरेटरकडे केलं होतं, सकाळी आठला बोलावलं, पाण्यात उतरायला बारा वाजले, खाली गेल्यावर दोन मासे दाखवले, व्हिडिओसाठी हात हलवायला लावले आणि वर. मागे बोट भरून लोक थांबलेले, त्या इन्स्ट्रक्टर पोरांची तरी काय चूक, सकाळपासून तीच पोरं पाण्यात. पण पैसे मात्र नेहमीपेक्षा जास्त. घरी काकूंकडे सुद्धा त्या दिवसांत थाळीत फरक पडतो, चव तीच पण त्या स्वतः बोलायला येत नाहीत, भाच्या-पुतण्या वाढायला असतात, आणि खोलीचं भाडं दीडपट ते दुप्पट. शेजारच्या रिसॉर्टचा डीजे रात्री उशिरापर्यंत. तीन स्टार देते, ते पण हवेचे.

आता हेच सगळं दोन-तीन आठवडे आधी सरकवा. दिवाळीची सुट्टी संपली की, म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते साधारण वीस डिसेंबर, हा माझा लाडका तुकडा आहे आणि त्यातही सोमवार ते गुरुवार. मुलांची एखाद-दोन दिवस शाळा बुडते, बुडू दे.

याला कारणं आहेत, नुसतं गर्दी नाही म्हणून सांगत नाहीये. एक म्हणजे किनारा स्वतःच तेव्हा मोठा असतो. पावसाळ्यात लाटा देवबागची वाळू ओढून नेतात, काही ठिकाणी तर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांपर्यंत पाणी येतं आणि चालायला बीचच उरत नाही. पाऊस सरला, लाटा मऊ झाल्या की तीच वाळू हळूहळू परत चढते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर काही भागात अजून उतार आणि दगड दिसतील, डिसेंबरला तिथेच पोरं क्रिकेट खेळत असतात.

दुसरं म्हणजे वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, मार्कांपुरते, ते तिकडे खरंच रोज घडतं. थंडीत रात्री जमीन गार होते, पहाटे वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे सकाळी नऊ-दहापर्यंत पाणी ताटात ठेवल्यासारखं शांत. दुपारनंतर वारा उलटतो, समुद्रावरून येतो आणि बारीक लाटा उठायला लागतात. म्हणून स्कूबा, डॉल्फिनची बोट, किल्ला जे काय करायचंय ते सकाळी, आणि दुपारी जेवून झोपा. पाण्याखाली दिसायला हवं असेल तरी हाच काळ, नद्यांतून आलेला गाळ खाली बसलेला असतो, पाणी निवळलेलं असतं. मालवणचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहेत, पण गढूळ पाण्यात उतरलात तर प्रवाळ आणि धोंडा सारखेच दिसतात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, ज्यांना फोटोपुरतं नाही तर खरंच शिकायचंय त्यांनी तिकडे चौकशी करावी.

तिसरं, रापण. ही बघायला तिकीट नाही, वेळापत्रक नाही, सकाळी उठून किनाऱ्यावर जायचं आणि नशीब असेल तर दिसते. होडीने मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, दोन रांगा, दोर कमरेला नाहीतर खांद्यावर, पाय वाळूत रुतवून मागे मागे चालायचं, रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडून परत पाण्यापाशी पहिला येऊन उभा राहतो. बराच वेळ काही होत नाही. बघणाऱ्यांना वाटतं उगाच थांबलो. मग जाळ्याचं पोट जवळ आलं की पाणी एकदम खदखदायला लागतं, घारी खाली येतात, बायका टोपल्या घेऊन पुढे होतात. पेडवे, तारल्या, बांगडे, मधेच एखादा केंड, तो फुगून चेंडू होतो, त्याला कोणी खात नाही, बाजूला फेकतात. माझ्या मुलीने तो उचलून पाण्यात सोडला तर रापणीतल्या एका आजोबांनी तिला मूठभर पेडवे दिले, घेऊन जा म्हणाले, काकूंनी ते दुपारी तव्यावर टाकले. थाळीत त्याचे पैसे लावले नाहीत.

चौथं, दशावतार. कार्तिकी पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गातल्या गावागावांत देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक. काकांना विचारा, आज कुठे आहे, ते सांगतात. आधी गणपती येतो, संकासूर येतो, मग आख्यान, संवाद पाठ केलेले नसतात, जागेवर बोलतात, स्त्रीपात्रं पुरुषच करतात आणि अशी करतात की माझ्या सासूबाई पहिल्या रात्री मानायलाच तयार नव्हत्या. पायपेटी, पखवाज, झांज, बाहेर खाजाचे ठेले, लाल मातीत चटया टाकून बसलेलं गाव. बीच व्हेकेशनमध्ये नाटक काय बघायचं असं वाटत असेल तर नका बघू, पण रात्री नऊनंतर देवबागात दुसरं काही नसतंच.

एक बारीक गोष्ट, या काळात मार्गशीर्ष असतो आणि आमच्या काकू मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासे करत नाहीत. तिकडे बऱ्याच घरांत तसंच असतं. त्या दिवशी शिरवाळे आणि नारळाचा रस मिळाला, तक्रार नाही, पण फक्त माशांसाठीच जात असाल आणि एकच दिवस असेल तर तो गुरुवार नसावा. पाच स्टार, गादीसकट.

हां, एवढं सगळं गोड बोलल्यावर हेही सांगते की नोव्हेंबर म्हणजे हवामानाची शंभर टक्के गॅरंटी असं काही नाही. २००९ मध्ये फयान वादळ नोव्हेंबरमध्येच आलं होतं, कोकणातल्या मच्छीमारांचं केवढं नुकसान झालं. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर क्यार होतं. निघायच्या आधी हवामान खात्याचा अंदाज बघायला दोन मिनिटं लागतात.

आता जी गोष्ट कोणीच बघत नाही ती. तिथी. लोक महिना ठरवतात, वीकेंड ठरवतात, हॉटेलचा पूल आहे का बघतात, आणि भरती-ओहोटी कधी आहे हे मात्र तिथे पोचल्यावर कळतं. सासूबाई गुहागरच्या, त्यांना हे माहेराहून येतं, कालनिर्णय उघडायचं, तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती आणि रात्री पुन्हा तीनच्या पुढे. त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी परत एकपासून. रोज वेळ पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. मालवणात हे मुंबईपेक्षा थोडं आधीच होतं, पण सुट्टीच्या प्लॅनिंगला एवढा हिशोब पुरतो, आणि नेमकी वेळ हवी असेल तर ॲपवर मिळतेच.

याचा उपयोग काय ते बघा. देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे वाळूचं बेट आहे, त्याला सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या सुनामीनंतर ते वर आलं असं तिथले लोक सांगतात. सगळे वॉटरस्पोर्ट्स तिथे. ओहोटीला त्यावर चालता येतं, भरतीला तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून भजी खाता. आम्ही एकदा पौर्णिमेच्या आसपास दुपारी बाराला गेलो तेव्हा आयलंड असं काही दिसलंच नाही, नुसतं पाणी, आणि पाण्यात खुर्च्या. पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी भरती असते, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे त्या दिवसांत आयलंड नाही पण संध्याकाळचा किनारा मात्र लांबच्या लांब मोकळा, सूर्यास्ताला ओल्या वाळूवर चालायला त्याच्यासारखे दिवस नाहीत. उलट तृतीया-चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी आठ ते दहामध्ये सापडते, वारा पण पडलेला, तेव्हा बेटावर जा. आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही फार उतरत नाही, ओढ कमी, लहान मुलांना पाण्यात खेळवायला आणि स्कूबाला ते दिवस बरे.

उधाणाच्या दिवशी काका स्वतः सांगायला येतात, "ताई, आज उधाण आसा, पाण्यात जाव नकात." संगमाच्या बाजूला तर कधीच उतरू देत नाहीत, ओहोटीला नदीचं पाणी बाहेर पडताना जी ओढ असते ती वरून दिसत नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या घराला अर्धा स्टार जास्त देईन. मोठ्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर विचारलं तर बीच चोवीस तास ओपन आहे मॅडम एवढंच उत्तर मिळालं.

फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला आठवडा हा माझा दुसरा नंबर. रात्री अजून गारवा, पाणी निवळ, गर्दी मधली. ओल्या काजूची उसळ मिळते, एवढ्या एका वाक्यावर मी तिकीट काढू शकते. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण याच सुमाराला बाहेर यायला लागतात, घरट्यातून पिल्लू यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला आणि वर मंडणगडात वेळासला गावकरी घरटी राखतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. बघायला मिळेलच असं नाही, पिल्लं काही आपलं बुकिंग बघून येत नाहीत. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख विचारून घ्या. भराडीदेवीची ही जत्रा कॅलेंडरवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि एकदा ठरली की त्या दोन दिवसांत मालवण तालुक्यात खोली मिळणं अशक्य, रेल्वेही फुल. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मार्च मधल्यापासून गरम. बीचवर थंडगार वारा असतो हा समज दुपारी दोनच्या आत मोडतो.

एप्रिल-मे. यावर घरोघरी भांडणं होतात कारण सुट्टी तेव्हाच आणि हापूस तेव्हाच. देवगड शेजारी, काकूंचे स्वतःचे कलमी आंबे, फणस, करवंदं, जांभळं, कोकमाचे रातांबे अंगणात वाळत घातलेले, मुलांना हे सगळं दिसायला हवं हे मला पटतं. पण बीच म्हणून विचाराल तर सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, मधे खोलीत एसी. वाळू चपलेशिवाय चालवत नाही. घाम सुकतच नाही, कपडे सुकतात पण चिकट राहतात. त्यात लाईट गेली की संपलं, आणि मेमध्ये जाते. वारा दुपारी जोरात असतो, पाण्यावर लाटा, स्कूबाला तळ धुरकट.

आणि मे अखेर म्हणजे सरळ जुगार. दरवर्षी साधारण पंचवीस-सव्वीस मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची बोट आणि वॉटरस्पोर्ट्स बंद होतात, आणि त्याच्या आधीच समुद्र बदलायला लागलेला असतो. २०२२ मध्ये २४ मेला तारकर्लीला पर्यटकांची बोट बुडून दोघं गेले, त्यानंतर तरी लाईफजॅकेट घालायला सांगितलं की तोंड वाकडं करू नये. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, काकांचे माड आडवे झाले, कित्येक दिवस लाईट नव्हती. आणि २०२५ ला तर मान्सूननेच कमाल केली, २४ मेला केरळात आणि दुसऱ्या दिवशी देवगडपर्यंत, सव्वीसला मुंबईत. ज्यांनी शेवटचा आठवडा बुक केला होता त्यांनी खिडकीतून पाऊस बघितला. म्हणून मेच मिळत असेल तर पहिला आठवडा घ्या, किंवा एप्रिलची परीक्षा संपल्या संपल्या निघा, आणि पंधरा तारखेच्या पुढचं बुकिंग करताना ॲडव्हान्स परत मिळणार का हे लेखी नाही तर निदान व्हॉट्सॲपवर तरी घ्या. आंब्यासकट साडेतीन स्टार. आंब्याशिवाय अडीच.

पावसाळा. इथे माझं आणि माझ्या मैत्रिणींचं जमत नाही. त्यांचं म्हणणं कोकण पावसातच बघावं, माझं म्हणणं कोकण बघा, बीच नको. समुद्र त्या दिवसांत मातकट, किनाऱ्यावर वाहून आलेला कचरा, पाय बुडवायचीही सोय नाही, घोट्यापर्यंत उभं राहिलं तरी पायाखालची वाळू सरकते. लाटेसोबत सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ताजी सुरमई मिळाली म्हणून कोणी खूश झालं तर समजा ती बर्फातली आहे. काकू प्रामाणिक आहेत, त्या सरळ सांगतात आज खाडीतला मासा आहे, शेवटे नाहीतर काळुंदर, किंवा सुक्या बांगड्याची चटणी आणि पेज. आणि खरं सांगू, धो धो पाऊस, कौलांवर आवाज, गरम पेज आणि सुका बांगडा, टाकळ्याची भाजी, भारंगी, हे जेवण सुरमई थाळीपेक्षा मला जास्त लक्षात आहे. खोली अर्ध्या भाड्यात. पण भिंतींना ओल येते, उशांना वास येतो, कपडे घेऊन गेलेले ओले परत आणायचे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू जातात, घाटात दरड आली की रस्ता बंद. घराला चार स्टार, बीचला शून्य, तुम्ही कशासाठी जाताय त्यावर बघा.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होते, नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ अर्पण करतात ते बघण्यासारखं, पण समुद्र अजून खवळलेला आणि श्रावणामुळे बऱ्याच घरांत सामिष बंद. गणपतीत तर जाऊच नका, म्हणजे पर्यटक म्हणून. काका-काकूंच्या घरी तेव्हा मुंबईची सगळी मंडळी असतात, आपल्याला दिलेल्या खोलीत त्यांचे जावई झोपलेले असतात, आणि ते बरोबरच आहे. गाड्यांची तिकिटं तशीही मिळणार नाहीत.

ऑक्टोबरला दसऱ्यानंतर लोक निघतात, बोटी सुरू झालेल्या असतात, डोंगर हिरवे असतात, फोटो भारी येतात, पण ऑक्टोबर हीट काय असते ते किनाऱ्यावर कळतं, वारा पडलेला, दमट, आणि दुपारनंतर परतीच्या पावसाची गडगड. दिवाळीच्या सुट्टीत परत एकतीस डिसेंबरवालीच गर्दी. साडेतीन.

जायचं कसं ते थोडक्यात. गाडीने मुंबईहून पाचशे किलोमीटरच्या आसपास, दिवस जातो. पुण्याहून कोल्हापूर मार्गे घाट उतरून. आम्हाला ट्रेन आवडते, कोकणकन्येने रात्री झोपायचं, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर, रिक्षा मिळते पण भाव आधी ठरवा आणि देवबागपर्यंत असं स्पष्ट सांगा, नाहीतर मालवण स्टँडवर सोडून देवबागचे वेगळे मागतात, आमच्याशी झालंय. विमानाने चिपी जवळ आहे पण तिथल्या फ्लाईट्सचा काही भरवसा नाही, तिकिटाआधी सध्या चालू आहेत का बघा, नाहीतर गोव्याचं मोपा.

आणि होमस्टेला फोन कराल तेव्हा स्विमिंग पूल आहे का विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: त्या आठवड्यात गावात जत्रा आहे का, बोटी चालू आहेत का, आणि मासे रोज कुठून येतात. तिसऱ्या प्रश्नावर आमचे काका म्हणाले होते, "मासो काय गावता बघून सांगतंय." जो माणूस मेनू आधी सांगत नाही त्याच्याकडे जेवायला हरकत नाही.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वी एकशे वीस होतं. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नवरात्र-दसऱ्याच्या गडबडीत. मोबाईलवर रिमाइंडर लावा, सकाळी आठला स्लीपर लगेच संपत नाही पण थ्री एसी संपतो. कालनिर्णय शेजारी घेऊन बसा, शक्यतो तृतीया ते अष्टमीत राहणं येईल असं बघा, आणि जमलं तर गुरुवार टाळा.